अनिश्चितातील तजवीज : एक प्रस्तावना

ज्या प्रश्नांची सर्व अंगे सोडविणाऱ्याच्या दृष्टीसमोर एकाच वेळी उपस्थित असतात, त्या प्रश्नांविषयी मनुष्याने पुष्कळ शास्त्र रचिले आहे. परंतु ज्या प्रसंगी निम्मी माहिती हाती आलेली नाही, जी आली ती परस्परविरुद्ध आहे, एका बाजूस हात घातला की दुसरी बाजू हलते, आणि स्वस्थ थांबणे हाही एक निर्णयच ठरतो, अशा प्रसंगी जबाबदार माणसांनी काय केले व काय करावयास हवे होते, याचा विचार आपल्या भाषेत फार विरळ झालेला आहे. प्रस्तुत ग्रंथ त्या विचारासाठी लिहिला आहे. त्यातील उदाहरणे बहुतांशी एकाच क्षेत्रातून, म्हणजे दख्खनच्या दुष्काळांच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासातून घेतलेली आहेत, आणि ही निवड का केली हे प्रारंभीच सांगणे अवश्य आहे.

निर्णयाची चर्चा करणारे लेखक सामान्यतः युद्धाकडे किंवा व्यापाराकडे वळतात. युद्धात शत्रू समोर असतो, व्यापारात वर्षाअखेर ताळेबंद मांडला जातो, आणि त्यामुळे निर्णय कोणत्या क्षणी झाला व त्याचे फळ काय मिळाले हे दाखविणे सोपे जाते. दुष्काळ कोणत्याही एका दिवशी सुरू होत नाही. मृग कोरडा गेला तरी आर्द्रा व पुनर्वसू पुढे असतात. खरीप हातचे गेले तरी हस्ताच्या पावसावर रब्बी साधण्याची आशा उरते. आणि शेवटचे नक्षत्रही कोरडे जाऊन जेव्हा सर्वांची खात्री पटते, तेव्हा ज्या दिवशी हालचाल करावयास हवी होती तो दिवस केव्हाच मागे पडलेला असतो. शिवाय हा निर्णय एकट्याचा नसतो. पेरावे की थांबावे हे रयत ठरविते, कर्ज द्यावे की हात आखडावा हे सावकार ठरवितो, धान्य बाजारात आणावे की कोठारात धरावे हे व्यापारी ठरवितो, वर इत्तला द्यावी की आणखी एक पाऊस पाहावा हे मामलेदार ठरवितो. आणि यांपैकी प्रत्येकाचा निर्णय इतरांच्या निर्णयाची भूमीच बदलून टाकितो. सावकाराने हात आखडला की बियाणे महाग होते, बियाणे महागले की पेरा घटतो, पेरा घटल्याची वार्ता पसरली की व्यापारी आणखी धरून ठेवतो, आणि सरकारला टंचाईची शंका आली आहे एवढी कुणकुण लागली तरी भाव चढतात. परिस्थिती मोजणाऱ्याच्या मोजण्यानेच जिथे परिस्थिती पालटते, तिथे माणसे कशी वागतात हे पाहावयाचे असेल, तर दुष्काळाच्या दप्तराइतके बोलके साधन मला दुसरे माहीत नाही.

तथापि मराठी माणूस चुकलेल्या निर्णयाचा विचार करू लागला की त्याचे मन आपोआप पानिपताकडे धाव घेते, आणि त्या विषयाला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सदाशिवरावभाऊंनी सूरजमल जाटाचा सल्ला मानून बायकामुले व जड तोफखाना मागे ठेविला असता, गनिमी काव्याने अब्दालीला बेजार केले असते, तर काय झाले असते, हा प्रश्न आपण अडीचशे वर्षे विचारीत आलो आहोत. परंतु तो विचारताना १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ आपल्याला ठाऊक असते, आणि भाऊंना ती ठाऊक नव्हती. उदगीरच्या रणात जो शिस्तबद्ध तोफखाना वर्षभरापूर्वीच विजय देऊन गेला, त्यावर भिस्त ठेवणे हे तत्कालीन ज्ञानाच्या प्रकाशात अविचाराचे नव्हते. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने कागदपत्रे चाळून भाऊंवरील सरसकट ठपका दूर करण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे मोल मला याच कारणासाठी वाटते. खरा दोष शोधावयाचा तर तो ऑक्टोबर १७६० मध्ये शोधावा. सैन्याला दाणा हवा होता, कुंजपुऱ्यात तो होता, आणि कुंजपुरा घेतला हे योग्यच झाले; पण उत्तरेकडे सरकताना मागे यमुनेच्या उतारांवर भरवशाची चौकी राहिली नाही, पुरामुळे नदी दुर्लंघ्य आहे हे गृहीत गृहीतच राहिले, आणि बागपताजवळ अब्दाली नदी उतरून आला तेव्हा दिल्लीची व दक्षिणेची वाट तुटली. येथे निवड चुकली नाही. आपले गृहीत खोटे ठरू लागले तर ते आपणास वेळेवर कळावे, याची तजवीज चुकली. या दोहोंतील भेद हा या ग्रंथाचा कणा आहे, आणि वाचकाने तो मनात धरून पुढील प्रकरणे वाचावी अशी माझी विनंती आहे.

निकालावरून निर्णयाची पारख करण्याची सवय किती घातक असते, याचे याहूनही विदारक उदाहरण सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत सापडते. १८७३-७४ साली बिहारात पीक बुडाले, तेव्हा सरकारने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणविला, टेंपल यांनी मदतकार्याची सूत्रे हाती घेतली, आणि भूकबळी जवळजवळ टळले. याबद्दल त्यांचा गौरव व्हावयास हवा होता. झाला तो उधळपट्टीचा आरोप. माणसे मेली नाहीत, तांदूळ शिल्लक उरला, त्या अर्थी दुष्काळ मुळात एवढा मोठा नव्हताच, असा तर्क लंडनच्या वृत्तपत्रांतून व कलकत्त्याच्या कचेऱ्यांतून निघाला. टळलेली आपत्ती कोणाला दिसत नाही, झालेला खर्च मात्र हिशेबात दिसतो. तीनच वर्षांनी दख्खनमध्ये व मद्रास इलाख्यात महादुष्काळ पडला आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याच टेंपल यांना देखरेखीसाठी पाठविले, तेव्हा त्यांनी मागचा धडा असा काही गिरविला की, दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्य व वर किरकोळ रोकड एवढीच मजुरी त्यांनी पुरेशी ठरविली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकत नाही असा प्रतिवाद केला, मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून दिली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारकडे एकामागून एक निवेदने धाडली. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. एक मनुष्य, एकच पद्धतीचे संकट, आणि दोन विरुद्ध वर्तने. पहिल्या वेळी त्याने योग्य केले व त्याला शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी त्या शिक्षेतून जो बोध त्याने घेतला, त्याची किंमत रयतेने मोजली. ज्या राज्ययंत्रणेत सावधगिरीला दंड आणि काटकसरीला बढती मिळते, ती यंत्रणा आपल्या उत्तमातल्या उत्तम अधिकाऱ्यालाही बिघडवून टाकिते, हे मला येथे स्पष्ट दिसते.

आता कोणी म्हणेल की, पाऊस आधी कळला तर हा सर्व खटाटोप कशाला? ही आशा जुनी आहे आणि आदरणीय आहे. हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली, आणि महादुष्काळानंतर त्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाच्या आधारे पुढील पावसाळ्याचे भाकीत करण्याचा क्रम सुरू केला. त्यांच्यामागून आलेल्या एलियट यांनी १८९९ साली सरासरीहून अधिक पावसाचे भाकीत केले, आणि त्याच वर्षी देशावर असे अवर्षण कोसळले की त्याची आठवण गुजरातेत व राजस्थानात छप्पनिया काळ या नावाने आजही टिकून आहे. १९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने जगभरच्या वेधशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले, प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा झोका ओळखला, आणि पावसाच्या विद्येला खरा शास्त्रीय पाया दिला. पण त्या विद्येनेही शेतकऱ्याच्या शिवारात, त्याच्या पंधरवड्यात, पाऊस पडेल किंवा नाही हे सांगण्याचे सामर्थ्य त्या काळी आले नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली एक भेद स्पष्ट केला होता : काही गोष्टी अनिश्चित असल्या तरी त्यांची संभाव्यता मोजता येते, आणि काही अशा असतात की त्यांच्या संभाव्यतेचा आकडा मांडण्यास आधारच नसतो. पहिल्या प्रकारच्या गोष्टींवर विमा उतरविता येतो. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींपुढे आपली बुद्धी कशी उभी राहते, हाच खरा प्रश्न आहे, आणि दोहोंची गल्लत करून दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीवर पहिल्या प्रकारचा आकडा चिकटविणे हा सुशिक्षितांचा विशेष प्रमाद होय.

हा भेद दख्खनच्या शेतकऱ्याने पुस्तकाविना ओळखला होता. मृगाचा पहिला सडाका पडला म्हणून तो लगेच तिफण जुंपीत नाही. जमिनीत वापसा येण्याची वाट पाहतो, आणि तरीही मध्ये पावसाने खंड दिला तर दुबार पेरणी करावी लागेल म्हणून घरात थोडे बियाणे राखून ठेवतो. बाजरीच्या शेतात तो तुरीच्या ओळी टाकतो, मटकी व हुलगा मिसळतो, आणि असे करताना चांगल्या वर्षी बाजरीचे उत्पन्न थोडे घटते हे त्याला पक्के ठाऊक असते. पाऊस लवकर थांबला तर बाजरी हाती येते. उशिरा आला तर तूर तग धरते. दोन्ही बुडाली तरी वैरण निघते. सोलापुराकडील भारी काळ्या रानाचा धनी तर पावसाळाभर जमीन नांगरून, कुळवून, तशीच मोकळी ठेवतो आणि मुरलेल्या ओलीवर शाळूचे पीक काढतो. सर्वोत्तम वर्षाचे सर्वोत्तम उत्पन्न हे त्याचे लक्ष्यच नसते. कोणतेही वर्ष आले तरी घर उभे राहावे, हे असते. हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ज्या विचारासाठी, तो हाच की, माणूस अपुऱ्या माहितीत व अपुऱ्या वेळात सर्वश्रेष्ठ पर्यायाच्या मागे लागत नाही, पुरेसा पर्याय सापडला की थांबतो, आणि हे त्याचे न्यून नसून शहाणपण असू शकते. पूर्वीच्या शेतकी सुधारकांनी मिश्र पिकाला अज्ञान मानिले. मला वाटते की त्या अज्ञानात त्यांच्या प्रयोगक्षेत्रावरील ज्ञानापेक्षा अधिक विचार साठविलेला होता. अर्थात या शहाणपणाला मर्यादा आहेत. सलग तीन वर्षे पाऊस रुसला की पेव रिकामे होते, बैल विकले जातात, आणि एकट्या घराची कोणतीही तजवीज पुरत नाही. तेथून पुढे राज्यकर्त्यांचा प्रांत सुरू होतो.

महादुष्काळानंतर नेमलेल्या स्ट्रेची आयोगाने १८८० साली अहवाल दिला, आणि त्यातून जी दुष्काळसंहिता, म्हणजे सरकारी बोलीतील फॅमिन कोड, प्रथम आराखड्याच्या रूपाने व नंतर प्रांतोप्रांती सिद्ध झाली, ती या ग्रंथाच्या मध्यभागी आहे. परकीय सत्तेने, स्वतःच्या अपकीर्तीच्या भयाने आणि खर्चाच्या काळजीने लिहिलेला हा दस्तऐवज आहे हे मी विसरत नाही. तरीही अनिश्चितात कसे वागावे याविषयी एकोणिसाव्या शतकात कोठेही लिहिल्या गेलेल्या मजकुरात त्याला फार वरचे स्थान दिले पाहिजे असे माझे मत आहे, आणि ते का, हे थोडे विस्ताराने सांगतो.

संहितेने भाकितावर विसंबण्याचे नाकारले. त्याऐवजी तिने जिल्हाधिकाऱ्याला चिन्हे पाहावयास शिकविले : धान्याचे भाव अवेळी चढत आहेत काय, सावकारांनी उधारी बंद केली काय, भिक्षा आटली काय, माणसे कामाच्या शोधात अनोळखी वाटांनी भटकू लागली काय, धान्यासाठी लहानसहान चोऱ्या वाढल्या काय. यातील एकही चिन्ह स्वतः निर्णायक नाही, आणि कोणत्याही एकाला दुसरे कारण असू शकते. म्हणून चिन्हे दिसू लागली की दुष्काळ जाहीर करण्याऐवजी प्रथम चाचणीची कामे काढावी, असा शिरस्ता तिने घालून दिला. ठराविक जागी, ठराविक मापाच्या खोदकामावर, जेमतेम मजुरीने काम उघडावयाचे आणि कोण येते ते पाहावयाचे. कोणी आले नाही तर काम मिटवावे. थोडा खर्च झाला, हानी झाली नाही. माणसे लोटली, विशेषतः जी एरव्ही अशा कामाकडे ढुंकून पाहणार नाहीत अशी कुणबी कुटुंबे बायकामुलांसह लोटली, तर मामलेदाराच्या अहवालाची वाट न पाहता खरी स्थिती समोर उभी राहिली असे समजावे, आणि चाचणीचे रूपांतर दुष्काळी कामात करून अपंगांस फुकट मदत सुरू करावी. यासाठी प्रत्येक जिल्ह्यात कोणती तळी, कोणत्या सडका, कोणते बांध काढता येतील त्यांची यादी सुकाळातच तयार करून दप्तरी ठेवण्याचा हुकूम होता. येथे परिस्थितीचे उत्तर तर्काने काढावयाचे नव्हते. परिस्थितीलाच प्रश्न घालावयाचा होता, आणि तोही असा की त्याचे उत्तर चुकले तरी मागे फिरता यावे.

पुढे १९०१ च्या मॅकडोनेल आयोगाने यात एक मोलाची भर घातली. लोकांचा धीर खचण्यापूर्वीच तगाई वाटावी, वसुलाला तहकुबी द्यावी, आणि सरकार पाठीशी आहे हे दिसू द्यावे, कारण धीर सुटलेली रयत घर सोडते, बैल कवडीमोलाने विकते, आणि नंतर पाऊस आला तरी पेरावयास गावात कोणी उरत नाही. निर्णयाच्या शास्त्रात माणसांच्या मनोधैर्याला साधनसामग्रीइतकेच वजन देण्याचा हा विचार मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

परंतु चाचणी घेणाऱ्याचा हेतू शुद्ध नसेल तर चाचणीही खोटे बोलते. काम गावापासून दूर काढले, माप जबर ठेविले, मजुरी अर्धपोटी दिली, तर खरे उपाशी लोकही येत नाहीत, आणि आले नाहीत त्याअर्थी गरज नाही असा निष्कर्ष कागदावर उमटतो. हीच गत आणेवारीची झाली. पीक किती आणे आले यावर सूट व तहकुबी अवलंबून ठेविल्याबरोबर नजरपाहणी करणाऱ्याच्या नजरेवर दोन्ही बाजूंनी दडपण आले. महसुलाची काळजी असलेल्या वरिष्ठाला आकडा चढा हवा, आणि गावाला तो उतरता हवा. जे मोजमाप पाहण्यासाठी होते ते मागण्यासाठी व नाकारण्यासाठी वापरले जाऊ लागले. या दुखण्यावर एक उतारा लोकांनीच शोधला. १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून व सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांकरवी दुष्काळसंहितेतील तरतुदी रयतेला समजावून सांगितल्या, सूट हा उपकार नसून हक्क आहे असे गावोगाव बिंबविले, आणि सरकारला हे इतके झोंबले की १८९७ साली त्याने सभेची मान्यताच काढून घेतली. अधिकाऱ्यांसाठी लिहिलेले नियम ज्या दिवशी लोकांच्या हाती गेले, त्या दिवशी चिन्हे दडपणे अवघड झाले. प्रत्येक यंत्रणेला आपली चूक सांगणारा कोणीतरी बाहेरचा लागतो, हे या प्रकरणातून मला शिकावयास मिळाले. त्याच्या अभावी काय होते हे १९४३ च्या बंगालने दाखविले. तेथे संहिता होती, चिन्हे डोळ्यांसमोर कलकत्त्याच्या रस्त्यांवर पडलेली होती. परंतु दुष्काळ जाहीर केला तर संहितेप्रमाणे शिधा पुरवावा लागेल आणि तो पुरविण्यास धान्य नाही, म्हणून दुष्काळ जाहीरच झाला नाही. युद्धकालीन निर्बंधांत वृत्तपत्रांचा आवाज दबलेला होता. सुमारे तीस लाख माणसे गेली.

त्यानंतरच्या तीस वर्षांत देश स्वतंत्र झाला, आणि १९७० पासून महाराष्ट्रात पाऊस कमी होत होत १९७२ साली खरीप व रब्बी दोन्ही बुडाली. पीक किती गेले याच्या आकड्यावरून पाहिले तर हा दुष्काळ आधीच्या कित्येकांहून भीषण होता. तरी महादुष्काळाची पुनरावृत्ती झाली नाही. वसंतराव नाईकांच्या सरकारने कामे काढली, काढीतच राहिले, आणि मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख मजूर एकाच वेळी खडीफोडीवर, सडकांवर, पाझर तलावांवर, नालाबांधांवर राबत होते. हे सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. मस्टर उशिरा भरले गेले, मजुरी थकली, मुकादमांनी हात मारले, आणि खडीचे ढीग सडकेविना वर्षानुवर्षे पडून राहिले. त्या ढिगांवरून सरकारची पुष्कळ हेटाळणी झाली आहे, आणि नियोजनाच्या दृष्टीने ती सर्वस्वी अन्याय्य नाही, कारण सुकाळात ठेवावयाची कामांची यादी अनेक तालुक्यांत अपुरी पडली. पण मी येथे हेटाळणी करणाऱ्यांच्या बाजूस नाही. कोणते काम उपयोगी हे ठरेपर्यंत थांबावे की निरुपयोगी कामावर का होईना मजुरी वाटावी, असा पेच ज्याच्यापुढे होता त्याने दुसरी वाट धरली. खडी पडून राहिली तर पुढे वापरता येते, माणूस पडला तर नाही. आणि या सरकारला चुकू न देणारे लोक रस्त्यावर होते. कामाच्या मागणीसाठी मजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर जात होते, पुढाऱ्यांना घेराव पडत होते, वृत्तपत्रे दररोज एखाद्या तालुक्याची कैफियत छापीत होती. टिळकांच्या काळी जे काम एका सभेने केले, ते आता हजारो अनाम मजूर करीत होते, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या.

याच अनुभवातून आणि वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे करून पाहिलेल्या लहानशा प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यामागील कल्पना चाचणीच्या कामाचीच आहे, फक्त तिचा रोख उलटा आहे. आता कलेक्टरने चिन्हे पाहून काम उघडावयाचे नाही. मजुराने काम मागितले की पंधरा दिवसांत ते देणे सरकारवर बंधनकारक. गरीब कोण, टंचाई कोठे, ती केव्हा सुरू झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सचिवालयात बसून काढण्याची गरज उरली नाही. ज्याला ती सर्वांत आधी कळतात त्याच्याच हाती घंटेची दोरी दिली. अनिश्चितातील नियोजनाचा एवढा सरळ व एवढा सभ्य नमुना आपल्या मातीत निर्माण झाला, आणि त्याचा उल्लेख आपण बहुधा भ्रष्टाचाराच्या चर्चेतच करतो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

इतके झाल्यावर या ग्रंथातील शेवटच्या व सर्वांत अवघड प्रकरणाकडे वळतो. डीट्रिख डॉर्नर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने काही बुद्धिमान माणसांना संगणकातील एका काल्पनिक मुलखाचे कारभारी केले. ‘तानालँड’ असे त्याचे नाव. तेथे शेती होती, गुरे होती, दुखणी होती, पाण्याचे दुर्भिक्ष होते. कारभाऱ्यांनी विहिरी खणल्या, रोग हटविले, पीक वाढविले. प्रथम सारे बहरले, लोकसंख्या व गुरे वाढली, आणि काही काळाने बहुतेकांच्या मुलखात असा दुष्काळ पडला की सावरणे अशक्य झाले. डॉर्नर यांच्या ध्यानात आले की आरंभी ही माणसे पुष्कळ प्रश्न विचारीत व हुकूम थोडे सोडीत. जसजसा वेळ गेला तसतसे हुकूम वाढले व प्रश्न आटले. आपल्या हुकमाचे पुढे काय झाले, हे पाहण्यास फारच थोडे जण परत वळले. जे यशस्वी झाले ते अधिक हुशार होते असे नाही. ते शेवटपर्यंत विचारीत राहिले आणि आपले अंदाज तपासून पाहत राहिले.

तो मुलूख काल्पनिक होता. आपला नाही. बहात्तरच्या दुष्काळाने पाणी खोल आहे ते वर काढावे हा धडा दिला. विंधन विहिरी आल्या, त्यांनी गावे तहानेपासून वाचविली, आणि पुढच्या दशकांत त्याच वाटेने पंप, वीज, ऊस व द्राक्षे आली. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्यापुरता विचार केला तर तो बरोबरच होता, आणि सर्वांनी मिळून जमिनीखालील जो साठा उपसला तो दिसत नव्हता. पेव रिकामे झाले की घरच्या बाईला त्याच दिवशी कळते. खडकातले पाणी संपत आल्याचे शेजारच्याची विहीर आटेपर्यंत कोणालाही कळत नाही, आणि तेव्हा जो तो आणखी खोल जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. २००९ चा भूजल कायदाही आहे, आणि त्यात खोल विहिरींवर मर्यादा घातली आहे. तेव्हा चिन्ह आहे, दप्तर आहे, अधिकारही आहे. बहुतेक गावांत नाही ती एकच गोष्ट : पातळी अमुक हातांनी उतरली की त्या गावात त्या वर्षी अमुक पीक लावावयाचे नाही, असा आगाऊ ठरलेला व गावाने कबूल केलेला करार. काही गावांनी आपसांत पाण्याचा ताळेबंद मांडून तसा करार केला आहे, आणि हिवरे बाजार या गावात तो बरीच वर्षे पाळला गेला आहे. तेथे काय घडले, कोणत्या वर्षी तो मोडता मोडता वाचला असेल, कोणी माघार घेतली असेल आणि कोणाच्या समजुतीने तो टिकला असेल, असे प्रश्न घेऊन अशा गावांकडे जावे लागेल. शेवटच्या प्रकरणात हिवरे बाजाराबरोबर तो न साधलेली गावेही घेतली आहेत, आणि वाचकाने ती वाचताना माझ्या निष्कर्षांपेक्षा तेथील विहिरींच्या पातळीचे तक्ते अधिक काळजीने पाहावेत.